धक्क्यावरचं पाणी मोजताना: फेब्रुवारी ते मे २०२४ च्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

मालवणच्या उत्तरेला सर्जेकोटच्या बाजूला आमच्या वाडीचा छोटा धक्का आहे. आम्ही त्याला बंदर म्हणतो, पण गोदी वगैरे काही नाही. दोन टेकड्यांच्या मधलं वळलेलं पाणी, तोंड पश्चिमेला. डिसेंबरात एका रात्री काकांची होडी सुटून खडकावर गेली. फळ्या फुटल्या, इंजिनात पाणी शिरलं, सगळा सीझन गेला. काका चाळीस वर्षं तांडेल आहेत, दोरी कच्ची बांधणारे नव्हेत. सकाळी त्यांनी तुटलेलं टोक माझ्या हातात दिलं. सोळा मिलिमीटरची नायलॉन दोरी. घासून तुटली असती तर धागे पिंजलेले दिसले असते. इथे प्रत्येक धाग्याच्या टोकाला वितळून घट्ट झालेला बारीक गोळा होता. म्हणजे दोरी ताणून तुटली होती.

"वारो नाय, पावस नाय, मगे दोरी तुटली कशी?" या काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री पाणी काय करत होतं, याची कुणाकडेच नोंद नव्हती.

म्हणून धक्क्याच्या टोकाला पाण्याची पातळी सतत लिहून ठेवणारं यंत्र बसवायचं ठरवलं. माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम आहे, समुद्रशास्त्र मी शिकलेलो नाही. दुसऱ्या कुणाला आपल्या बंदरात हे करायचं असेल, तर त्याचे पैसे आणि आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी.

सगळ्यात आधी परवानगी घ्या. आम्ही मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज केला. होकार मिळाला, पण खांबाला भोक पाडायचं नाही या अटीवर. त्यामुळे सगळं काम क्लॅम्पवर.

११ फेब्रुवारी

पहिली जुळणी. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप खांबाला उभा बांधला, खालचं तोंड झाकणाने बंद करून त्यात ६ मिलिमीटरचं एकच भोक ठेवलं. लाटांची उसळी आत येऊ नये, पाणी संथ राहावं, हा हेतू. पाइपच्या वरच्या तोंडाला जेएसएन-एसआर०४टी हा पाणी न लागणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, खाली पाण्याकडे बघणारा. आकडे लिहून घेणारा ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, एसडी कार्ड, ५ वॉटचं सोलर पॅनेल. दर दहा मिनिटांची सरासरी लिहायची आणि मधल्या वेळात बोर्डाला झोपवायचं, म्हणजे बॅटरी पुरते.

शेजारच्या खांबावर ऑइलपेंटने सेंटिमीटरच्या खुणा रंगवल्या. पुढे सगळ्या चुका या पट्टीनेच पकडून दिल्या. यंत्र कितीही महाग असो, डोळ्यांनी वाचता येईल अशी पट्टी आधी रंगवा.

१८ फेब्रुवारी

आठवडाभराच्या आकड्यांत काही अर्थ नाही. पाणी ओसरत असताना मध्येच १ मीटर ४ सेंटिमीटरवर अडकून बसतं आणि तासाभराने एकदम खाली उडी मारतं. या सेन्सरचा आवाज रुंद कोनात पसरतो. पाइपचा जोड ज्या उंचीवर आहे, तिथल्या आतल्या कडेवरून प्रतिध्वनी येत होता आणि यंत्र त्यालाच पाणी समजत होतं. जोड काढून अखंड पाइप आणला. ६०० रुपये आणि एक रविवार गेला.

२४ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

उधाणाचा दिवस, म्हणून पहाटे पाचपासून संध्याकाळी सहापर्यंत पट्टीसमोर बसून दर पंधरा मिनिटांनी हाताने आकडा लिहिला. काकांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी भरती खरोखर साडेअकराच्या आधीच पुरी झाली.

सकाळी यंत्र आणि पट्टी एक सेंटिमीटरच्या आत जुळत होती. दुपारी दोनला यंत्र पाणी ८ ते ९ सेंटिमीटर जास्त दाखवायला लागलं. पाइपला हात लावला तर चटका बसला. हवा तापली की आवाज वेगाने जातो, अंशागणिक सेकंदाला ०.६ मीटरने. पहाटेचे २१ अंश आणि दुपारी पाइपातले ४० अंश यांत आवाजाचा वेग तीन टक्क्यांहून जास्त बदलतो. यंत्राला ते ठाऊक नाही. प्रतिध्वनी लवकर आला, की त्याच्या मते पाणी वर आलं.

तापमानाचा सेन्सर जोडून दुरुस्ती करून बघितली, पण पाइपच्या वरच्या टोकाला ४० अंश असताना पाण्याजवळ ३० असतात. कुठलं तापमान धरायचं? तीन संध्याकाळी यात घालवल्या आणि अल्ट्रासॉनिक सोडून दिला. सावलीतल्या, वारा खेळणाऱ्या पुलाखाली तो चालेल. कोकणातल्या उन्हात उभ्या बंद पाइपात नाही.

१० मार्च

आता त्याच पाइपात पाण्याचा दाब मोजायचा. एमएस५८३७ हा चिमुकला सेन्सर, २,९०० रुपये. खाऱ्या पाण्याच्या एका मीटरला साधारण १००.५ हेक्टोपास्कल दाब पडतो, म्हणजे एका सेंटिमीटरला जवळपास एक. हा सेन्सर दोन मिलिमीटरचा फरक ओळखतो, आपल्याला तेवढं भरपूर झालं.

पाण्यातल्या सेन्सरवर पाण्याबरोबर हवेचाही दाब पडतो, त्यामुळे वर पेटीत हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर हवाच. मी बीएमपी२८० लावला. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, आणि हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. तो वजा केला नाही, तर समुद्र रोज दोनदा तीन-चार सेंटिमीटर खोटा हलतो.

केबल १२ मीटर. इतक्या अंतरावर या सेन्सरची आय-टू-सी जोडणी (जवळच्या दोन चिपांनी आपसात बोलायची रीत) मुळात चालणं अपेक्षित नाही. पहिल्या दिवशी निम्मी वाचनं शून्य आली. सिग्नलच्या ठोक्यांचा वेग १० किलोहर्ट्झवर आणला, सिग्नलची तार वर खेचून धरणारे पुल-अप रोध २.२ किलोओहमचे केले आणि डेटाची तार सप्लायच्या तारेशी न पिळता प्रत्येक सिग्नल जमिनीच्या तारेबरोबर एका जोडीत नेला. त्यानंतर एकही वाचन चुकलं नाही.

२१ मार्च

सेन्सर बुडाला. काल रात्री दोन वाजल्यापासून वाचन बंद. वर काढला तर तोंडावर भरलेलं इपॉक्सी जसंच्या तसं, कुठेही चीर नाही. मग कापून बघितला. पाणी केबलच्या बाहेरच्या आवरणाला खाली पडलेल्या बारीक ओरखड्यातून शिरलं, आवरण आणि तारा यांच्यामधल्या पोकळीतून चढलं आणि इपॉक्सीच्या आत, तारेच्या प्लास्टिकखालून, थेट सोल्डरपर्यंत गेलं. तांबं हिरवं पडलं होतं. २,९०० रुपये आणि अकरा दिवस पाण्यात.

दुसऱ्या सेन्सरला केलेली दुरुस्ती, ही नीट वाचा. इपॉक्सीच्या आत येणाऱ्या प्रत्येक तारेचं प्लास्टिक मध्येच दीड सेंटिमीटर सोलून काढायचं, उघड्या तांब्यावर सोल्डरचा जाड थर द्यायचा आणि मग इपॉक्सी ओतायचं. आता पाणी तारेच्या आतून आलं, तरी त्या भरीव धातूपाशी थांबतं. केबलही बदलली, जेल भरलेली घेतली. हा सेन्सर शेवटच्या दिवसापर्यंत टिकला.

नंतर शिमगा. पाच दिवस वाडीत कुणी कामाला हात लावत नाही, मीही लावला नाही.

३१ मार्च

गेले चार दिवस आलेख बघून मन भरलं होतं. भरती-ओहोटीची गुळगुळीत रेघ, रोजच्या दोन भरत्या उंचीला थोड्या वेगळ्या, अगदी पुस्तकात असते तशी. फक्त वेळेचा मेळ लागत नव्हता, भरती पट्टीवर पुरी होऊन वीस-पंचवीस मिनिटं उलटली की मग यंत्रात पुरी व्हायची.

आज दुपारपासून केरळात तिरुवनंतपुरमपासून त्रिशूरपर्यंत समुद्र रस्त्यावर आल्याच्या बातम्या येत होत्या. वादळ नाही, पाऊस नाही. तिकडे याला 'कळ्ळकडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. संध्याकाळी आमच्या धक्क्यावरही होड्या एकमेकींना धडका देत होत्या, दोऱ्या करकरत होत्या. मी धावत जाऊन कार्ड काढलं आणि घरी येऊन आलेख उघडला.

सरळ, गुळगुळीत रेघ. जणू काही घडलंच नाही.

काकांना दाखवला. त्यांनी आलेखाकडे क्षणभरच बघितलं. "ता तुझ्या पायपात गावाचा नाय, झिला. पाणी भायर ओढता." म्हणजे ते पाइपात सापडायचं नाही, पाणी बाहेर ओढतं.

रात्रभर विचार केला. सहा मिलिमीटरचं भोक, बंद पाइप आणि दहा मिनिटांची सरासरी. लाटांची कटकट नको म्हणून मी जे जे केलं होतं, त्याने नेमकी तीच हालचाल पुसली जात होती जिच्यासाठी हे सगळं मांडलं. भरती-ओहोटीचं कोष्टक तर छापील मिळतं, सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी काढतं. ते पुन्हा मोजायला मी दोन महिने खर्च केले.

३ एप्रिल

पाइप उतरवला. भोक जवळपास बुजलेलं, कडेने पांढरे टोकदार बार्नॅकल (खडकाला चिकटून वाढणारे कवचाचे जीव) आणि आत शेवाळाचा लगदा, आगकाडीसुद्धा जाईना. वीस-पंचवीस मिनिटांचा उशीर इथून येत होता. पाण्याला आत यायला आणि बाहेर जायला वाटच उरली नव्हती. उन्हाळ्याच्या पाण्यात बार्नॅकलला यासाठी सात आठवडे पुरतात.

नवी मांडणी: पाइप नाही. सेन्सर उघड्या पाण्यात, ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीपासून दीड मीटर खोल, प्लास्टिकच्या जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याला तांब्याची जाळी गुंडाळली, तांब्यावर जीव बसत नाहीत. पण तांबं आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना चिकटू देऊ नका, खाऱ्या पाण्यात तांबं खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचे वायसर घाला. क्लॅम्प ३१६ ग्रेडचेच घ्या. आधीच्या ३०४ ग्रेडवर तीन आठवड्यांत तांबडे ठिपके आले होते.

वाचन दर सेकंदाला एक, सरासरी नाही. बोर्डाला आता झोप नाही, म्हणून २० वॉटचं पॅनेल आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. दिवसाला ८६,४०० ओळी होतात. फाइल रोजची वेगळी करा. मी सुरुवातीला एकच लांब फाइल ठेवली आणि तेराव्या दिवशी एक्सेलने ती पूर्ण उघडायला नकार दिला, त्याची मर्यादा दहा लाख अठ्ठेचाळीस हजार ओळींची आहे.

दीड मीटर खाली ठेवलेला सेन्सर वरच्या बारीक लाटा पुऱ्या बघत नाही. भरतीला साधारण तीन मीटर पाणी डोक्यावर असतं, तेव्हा चार सेकंदांची वाऱ्याची लाट तो खऱ्या उंचीच्या दोन तृतीयांश एवढीच दाखवतो. पंधरा-वीस सेकंदांची लांब लाट मात्र जवळपास पूर्ण दिसते. आपल्याला तीच हवी, म्हणून मी दुरुस्तीच्या भानगडीत पडलो नाही.

१७ एप्रिल

घड्याळाने दगा दिला. ढग आले, बॅटरी संपली, पुन्हा सुरू झाल्यावर तारीख १ जानेवारी २०००. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपच्या बाजारात मिळणाऱ्या निळ्या बोर्डावर बटण-सेल चार्ज करण्याची सोय असते. सेल मात्र साधा, चार्ज न होणारा घातलेला, तो फुगून मेला. चार्जिंगच्या वाटेतला रोध उपटून काढला आणि नवा सेल घातला. ९ ते १५ एप्रिलची नोंद आहे, पण वेळेचा भरवसा नाही म्हणून ती टाकून दिली.

४ मे, शनिवार

समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा इशारा काल संध्याकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता: आज दुपारपासून उद्या रात्रीपर्यंत किनाऱ्यावर अर्धा ते दीड मीटरच्या लांब लाटा. सकाळी बॅटरी, घड्याळ, कार्ड तिन्ही तपासली आणि धक्क्यावर बसून राहिलो.

आज एकादशी. पाऊणपटीने भरती सव्वाआठची, म्हणजे दोनच्या सुमाराला ओहोटी. भांगाचे दिवस नुकतेच उलटलेले, पाण्याला एरवी जोर नाही.

अकरापर्यंत काहीच नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा, वारा इतका पडलेला की वाळत घातलेली जाळी हलत नव्हती. साडेअकराला रंगवलेल्या पट्टीवर पाणी ७२ च्या खुणेवरून चढायला लागलं. लाट आली असं वाटलंच नाही. फेस नाही, आवाज नाही. ७२, ८०, ८८, ९३. तिथे थोडा वेळ थांबलं, आणि मग सगळं पाणी एकदम बाहेर निघालं. पट्टीवरचं ओलं शेवाळ उघडं पडलं, त्यातला एक लहान खेकडा गोंधळून खांबावर चढला. धक्क्याखालची वाळू पाण्याबरोबर ओढली जाताना दिसत होती. पाणी ६८ वर जाऊन पुन्हा चढू लागलं. एका फेरीला मोबाइलवर दोन मिनिटं दहा सेकंद लागले.

होड्या वर-खाली फार होत नव्हत्या. त्या पुढे-मागे जात होत्या. बाहेर जाणारं पाणी होडीला सोबत घेऊन निघायचं, दोरी ताठ व्हायची, तिच्यातून पाणी पिळून निघायचं आणि ती करकरायची. दोन टनांची होडी आधी वेग घेते आणि मग दोरीच्या टोकाला अडते. काकांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. त्यांना ही ओढ माहीतच होती, मला ती आज दिसली.

५ मे

रात्री दीडपर्यंत आलेख बघत बसलो. दर सेकंदाच्या नोंदीत तीन गोष्टी एकावर एक दिसतात. सर्वांत खाली भरती-ओहोटीची संथ रेघ. तिच्यावर अठरा-वीस सेकंदांच्या लाटा, आमच्या बंदरात जेमतेम ३० सेंटिमीटर उंच, पण सहा-सात मोठ्या आणि मग काही लहान अशा झुंडीने येणाऱ्या. आणि त्या झुंडींच्या तालावर बंदरातलं अख्खं पाणी दीड ते तीन मिनिटांत १५ ते २५ सेंटिमीटर चढतं-उतरतं. दोरी तोडणारी हीच तिसरी हालचाल. याच फाइलची दहा-दहा मिनिटांची सरासरी काढून बघितली. पुन्हा ती जुनीच सरळ रेघ.

आणखी एक गोष्ट कळली, ती मी शोधतही नव्हतो. लाटांचा काळ मोजायला सोपी रीत आहे: दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि माथे मोजा. काल दुपारी बाराला ३० माथे होते, म्हणजे २० सेकंदांची लाट. आज संध्याकाळी सातला ३७-३८, म्हणजे १६ सेकंदांची. खोल समुद्रात जास्त काळाची लाट जास्त वेगाने येते. २० सेकंदांच्या लाटांची झुंड ताशी ५६ किलोमीटरने, १६ सेकंदांची ४५ किलोमीटरने. दोघी एकाच वादळातून एकाच वेळी निघाल्या असं धरलं आणि इथे पोचताना त्यांच्यात ३१ तासांचं अंतर पडलं, तर त्या सुमारे सात हजार किलोमीटरवरून आल्या. नकाशावर मालवणपासून दक्षिणेला सात हजार किलोमीटर मोजले, तर दक्षिण अक्षांश ४७ च्या आसपास बोट पडतं, अंटार्क्टिकाच्या अलीकडचा कायम वादळी पट्टा. हिशेब ढोबळ आहे. तरी पाच-सहा दिवसांपूर्वी तिथे सुटलेला वारा आज काकांच्या दोरीला ओढत होता, हे आमच्या खांबावरच्या आकड्यांतून निघालं. मी तो आकडा चारदा तपासला.

अमावस्या ८ तारखेला आहे. हीच झुंड चार दिवस उशिरा उधाणावर आली असती, तर पाणी जाळ्यांच्या खोपीत शिरलं असतं.

१२ मे

सोसायटीत सगळ्यांना आलेख दाखवला आणि लगेच प्रयोग केला. तीन होड्यांच्या दोऱ्या दीडपट लांब केल्या, प्रत्येक दोरीच्या मध्ये जुन्या स्कूटरचं टायर बांधलं, नांगराकडे तीन मीटर साखळी. टायर ताणतं तेवढा झटका दोरीला बसत नाही. चौथी होडी जुन्या पद्धतीने ठेवली, तुलनेसाठी, मालकाला विचारून. पुढे १८ तारखेला हलकी ओढ आली तेव्हा चौथीची दोरी पूर्वीसारखीच करकरत होती, टायरवाल्या तिन्हींच्या शांत. फार मोठी परीक्षा नव्हे ही. पण टायर फुकट आहे.

खर्च मांडला. एकूण १५,३५० रुपये. त्यातले सुमारे ५,००० वाया: अल्ट्रासॉनिक सेन्सर, पाइप, पहिला बुडालेला सेन्सर, छोटं पॅनेल. माझे वाया गेलेले दिवस यात धरलेले नाहीत. थेट एप्रिलच्या मांडणीपासून सुरुवात केली, तर दहा-साडेदहा हजारांत आणि दोन रविवारांत काम होतं.

२८ मे

१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर ओढल्या. यंत्रही काढलं, पावसाळी समुद्रात पिंजरा टिकणार नाही. आठ आठवड्यांनी वर आलेल्या सेन्सरच्या तोंडावर बोटाने पुसला जाईल एवढाच बुळबुळीत थर होता. तांब्याच्या जाळीवर एकही बार्नॅकल नाही, तिच्यापासून हातभर वरच्या केबलवर मात्र मूठभर.

क्लॅम्प खांबावरच ठेवले, ग्रीस लावून प्लास्टिकात गुंडाळले. काढण्याआधी धक्क्याच्या कठड्यावरच्या जुन्या लोखंडी बोल्टापासून सेन्सरच्या तोंडापर्यंत स्टीलच्या टेपने तीनदा माप घेतलं: ४.८७४, ४.८७२, ४.८७३ मीटर. ऑगस्टमध्ये सेन्सर याच उंचीवर बसला नाही, तर जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जोडता येणार नाहीत. म्हणून ४.८७३ हा आकडा बोल्टाच्या शेजारी लाल ऑइलपेंटने लिहिला आणि काकांच्या भरती-ओहोटीच्या वहीतही, पहिल्या पानावर.